नाट्यगृहावर नाव आहे, पटकथेवर?

आपल्या शहरातली दोन नाट्यगृहं ज्यांच्या नावाची आहेत, ते दोघंही सिनेमाचे लेखक होते, हे किती जणांच्या लक्षात येतं? संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे आणि प्राधिकरणातले ग. दि. माडगूळकर. अत्र्यांनी लिहिलेल्या 'ब्रह्मचारी'त (१९३८) गदिमांना बारीकसं काम मिळालं आणि त्यांचा सिनेमातला प्रवास सुरू झाला. मॅट्रिकला गणितात नापास झालेला, आटपाडीकडच्या दुष्काळी मुलखातला पोरगा. त्या मुलखातली किती पोरं आज भोसरी-चाकणला राबतात, मी सांगायला नको.

गदिमा म्हटलं की आपल्याला गीतरामायण आठवतं. साहजिक आहे. पण 'लाखाची गोष्ट', 'जगाच्या पाठीवर' हे सिनेमेसुद्धा त्यांनीच लिहिलेत. 'दो आँखे बारह हाथ' (१९५७) सगळे व्ही. शांतारामांचा म्हणून ओळखतात, लेखन गदिमांचं. औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली होती. उंच भिंती नाहीत, कैदी शेती करणार. गदिमांचं शेटफळे त्याच भागातलं. म्हणजे बर्लिनच्या महोत्सवात गौरवलेल्या सिनेमाचं बी माणदेशातल्या मातीतलं! ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेत का नाही सांगत कुणी?

आता आजचं बघा. चाकणला कंत्राटावर काम करणारा ओळखीतला एक पोरगा शिफ्ट सुटल्यावर लिहितो. त्यानं लिहिलेली शॉर्ट फिल्म यूट्यूबवर आली. दिग्दर्शकाचं नाव मोठ्ठं, याचं कुठंच नाही. पैसे मागितले तर म्हणे, "तुझी ओळख झाली की!" ओळख कशी होणार, नावच नाही तर?

लिहिणाऱ्या पोरांनो, स्क्रिप्ट कुणाला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करा, ऑनलाइन होते. श्रेय आणि मानधन कागदावर घ्या, व्हॉट्सअॅपच्या 'हो रे भावा'वर राहू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात पटकथाकाराच्या रॉयल्टीचा हक्कही आहे. मित्राकडे कागद मागायला संकोच वाटतो, मान्य. तरी मागा.

आणि महापालिकेला एक विनंती. १४ डिसेंबरला गदिमांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी प्राधिकरणातल्या नाट्यगृहात 'दो आँखे' फुकट दाखवा. सेकंड शिफ्टवाल्यांसाठी एक खेळ सकाळी ठेवा. कुणी पुढाकार घेणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी खुर्च्या लावायला येतो.