मुसाफिराची खोली

१९९९ मध्ये परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तरी दहावी-बारावीच्या बोर्डाचं काम निघालं की छत्रपती संभाजीनगरच गाठावं लागतं. काम एका दिवसात उरकलं नाही, तर मुक्काम आलाच.

गेल्या वर्षी आम्ही दोघी शिक्षिका गेलो. फोनवर सर्वांत स्वस्त लॉज ठरवला होता. रात्री काउंटरवर आधार कार्डं ठेवली. नावं वाचून मॅनेजर म्हणाला, "खोली शिल्लक नाही." आम्ही वाद घातला नाही, नऊ वाजले होते. रेल्वेच्या विश्रामकक्षाला रेल्वेचं तिकीट लागतं, आम्ही तर एस.टी.नं आलेलो. शेवटी दोनशे रुपये जास्त देऊन दुसरीकडे खोली मिळाली. तिथल्या काकांनी नावं लिहून घेतली, गरम पाण्याची वेळ सांगितली, बस्स.

आता आम्ही नुसतं भाडं विचारत नाही. फोनवरच पूर्ण नाव सांगतो. दाराला आतून कडी आहे का, स्टँड किती लांब, प्रवासभत्त्याच्या बिलासाठी पक्की पावती मिळेल का, हेही विचारतो.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून पाणचक्कीला गेलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ही चक्की वाटसरू-फकिरांसाठी पीठ दळायची. जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरही आहे, हे आम्ही वर्गात कितीदा शिकवलं असेल! त्याचा अर्थ त्या रात्री काउंटरसमोर कळला.

घरी आल्यावर पुढची खोली रिकामी केली. खेड्यातून कामासाठी हिंगोलीला आलेली कोणतीही शिक्षिका आता तिथं उतरते. नाव आम्ही ओळखीपुरतंच विचारतो.