न निवडलेल्यांची यादी

आपल्या माणसांचे दोष आपण खुशाल काढावेत, परक्याने काढले तर मात्र भांडायला उठावे, हा मनुष्यस्वभावच आहे. अमेरिकेतील ग्रीन बे या लहानशा शहराचा 'पॅकर्स' नावाचा फुटबॉल-संघ आहे. त्याची मालकी कोणा एका धनिकाकडे नसून पाच लाखांहून अधिक भागधारकांत वाटलेली आहे. जेथे मालक इतके, तेथे हिशेब मागणारेही तितकेच! पहिल्या फेरीत आपण निवडलेला सर्वांत वाईट खेळाडू कोण, हा त्यांचा एक लाडका वाद. मीही तो दुरून, पण मोठ्या आवडीने ऐकत असतो.

महाविद्यालयांतील खेळाडू व्यावसायिक संघांनी आळीपाळीने निवडावयाचे, ही तेथील रीत १९३६ पासूनची. आदल्या हंगामात जो संघ सर्वांच्या मागे राहिला, त्याची पाळी सर्वांच्या आधी. पराभूताच्या पानात पहिला घास वाढणारी ही पंगत मला फार भावते. पण पहिल्या घासालाच खडा लागला, म्हणजे तो जन्मभर आठवतो!

१९८९ साली पॅकर्सची पाळी दुसरी होती. त्यांनी टोनी मॅन्डरिच हा धिप्पाड गडी घेतला. त्याच्या आधी ट्रॉय एकमन निवडला गेला होता; त्याच्यामागून बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डीऑन सँडर्स. हे चौघेही पुढे कीर्तिमंदिरात विराजमान झाले. मॅन्डरिचला १९९२ मध्ये संघाने निरोप दिला. त्यातून बॅरी सँडर्स शेजारच्या डेट्रॉइटचा. तो दरसाल पॅकर्सविरुद्ध खेळायला येई आणि जखमेवरची खपली काढून जाई.

दुसरा पक्ष १९८१ च्या रिच कॅम्बेलचे नाव घेतो. त्याच्यापायी रॉनी लॉट हातचा गेला, ही त्यांची तक्रार. म्हणजे गंमत पाहा, हा वाद निवडलेल्यांविषयी नाहीच. तो न निवडलेल्यांविषयी आहे. बोहल्यावर उभ्या असलेल्या नवरदेवाकडे पाहून नाकारलेल्या स्थळांची थोरवी आठवावी, त्यातलाच हा प्रकार!

मॅन्डरिचने २००८ मध्ये कबूल केले की, महाविद्यालयात असताना त्याने उत्तेजक औषधे घेतली होती आणि ग्रीन बे येथे तो दारूच्या व वेदनाशामक औषधांच्या आहारी गेला होता. व्यसनातून सुटल्यावर, १९९६ ते १९९८ या काळात तो इंडियानापोलिसकडून पुन्हा खेळला. वाईट निवडींच्या यादीत या उत्तरार्धाला जागा नाही.

माझे मत विचाराल तर, १९८९ मध्ये त्याची स्तुती करण्यात भले भले जाणकार पुढे होते. पारख चुकली ती अनेकांची. नाव मात्र एकट्याचे राहिले. निवडणाऱ्यांचीही एखादी यादी कोणी करील, तर ती वाचायला मला अधिक आवडेल.