खात्यावरची बाकी

डॉक्टरसाहेब आमच्या नवापूर तालुक्यात आले ते दोन वर्षांसाठी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एखाद्या ख्रिस्ती मंडळीच्या शिफारशीवर प्रवेश मिळाला, की शिक्षण संपल्यावर मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षं काढायची, असा करार असतो. ती वर्षं संपली, त्यांना मुलं झाली, मुलं आमच्या पोरांशी मावचीत भांडायला लागली, तरी साहेब तिथेच. का राहिलात, असं कुणी विचारलं तर "जा म्हणून कुणी सांगितलंच नाही," म्हणायचे. मिशनरी म्हटलं की लोकांना अजून गोरा साहेब आठवतो. आमचा मिशनरी केरळचा, सावळा, सकाळी लुंगी नेसून वालाच्या वेलाला पाणी घालणारा.

आमची गाठ पडली माझ्या धाकट्या भावामुळे. पावसात भिजला की रात्री त्याची हाडं ठणकायची, गुरासारखा ओरडायचा. भगत झाले, कोंबडी कापून झाली. आजीच्या मते सगळा दोष आईच्या पायगुणाचा. शेवटी बाबांनी त्याला सायकलवर बसवून मिशन दवाखान्यात नेलं; मागोमाग मीही गेलो. साहेबांनी रक्ताच्या थेंबात औषध मिसळलं, काचेच्या कडा बंद केल्या आणि थोड्या वेळाने मलाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झाल्या होत्या. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाड ठणकतं. सिकलसेल.

मग त्यांनी घरच्या सगळ्यांना बोलावून रक्त तपासलं आणि बाकावर बसवलं. आई आणि बाबा दोघंही वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आईने हळूच विचारलं, "म्हणजे ह्यांच्याकडूनही आलं?" साहेब म्हणाले, "निम्मं ह्यांच्याकडून. आणि ह्यांना त्यांच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून." आजी छताकडे बघत बसली. पायगुणाचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही. आईच्या डोक्यावरचं हे ओझं उतरवायला साहेबांना दहा मिनिटं पुरली. आम्हाला इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं.

बारावीनंतर त्यांनीच मला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला धाडलं आणि परत आल्यावर हाताखाली घेतलं. तेव्हा कळलं, हा माणूस दिवस कसा काढतो. सकाळी चॅपेलमध्ये प्रार्थना, मग वॉर्डांची फेरी, ओपीडी, दुपारी ऑपरेशनं. मध्येच वीज गेली की जनरेटरपाशी स्वतः उभे. त्यांच्या बाईही डॉक्टर, बाळंतपणं त्यांच्याकडे. नवराबायकोचं जेवण एका वेळी झालेलं मी क्वचितच पाहिलं.

पावसाळ्यातल्या रात्री सापांच्या. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करायची. रक्त ओघळलं तर प्रतिविष लगेच सुरू. ती 20 मिनिटं माझी. साहेब शेजारी स्टुलावर बसून चहा प्यायचे, नळीला हात लावू द्यायचे नाहीत.

मण्यार वेगळी. जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही. पहाटे पापण्या मिटायला लागतात, मग श्वास थांबतो. प्रतिविष देऊनही श्वास परत यायला वेळ लागतो. तोवर घशात नळी घालून रबरी फुगा दाबत राहायचा, तासन्‌तास. एका रात्री व्हेंटिलेटर आधीच दुसऱ्या पेशंटला लावलेला. साहेबांनी नातेवाइकांना ओळीत उभं केलं, फुगा कसा दाबायचा, किती वेगाने दाबायचा ते दाखवलं आणि पाळ्या लावल्या. पेशंटचा सासरा, दोन भाऊ, गावचा पोलीस पाटील, मी. हात भरून आले की पुढचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पोराने डोळे उघडले. सासऱ्याने गावभर सांगितलं, जावई मीच वाचवला. साहेबांना हे इतकं आवडलं की येणाऱ्याजाणाऱ्याला ते ही गोष्ट सांगायचे.

धर्माचं सगळेच विचारतात, म्हणून सांगून टाकतो. ऑपरेशनआधी ते पेशंटला विचारून, डोळे मिटून प्रार्थना करायचे. कुणी नको म्हटलं तर मनातल्या मनात करत असतील. बाहेरून ह्याचीच चौकशी करायला माणसं आली तेव्हा त्यांनाही रांगेत नंबर लावायला सांगितलं, कारण त्यांतल्या एकाला खोकला होता. आमचं घर आजही महाशिवरात्रीला देवमोगरा मातेच्या जत्रेला जातं. माझी रजा दरवर्षी त्यांनीच मंजूर केली.

पैशाच्या बाबतीत मात्र साहेब कडक. आमच्याकडे दिवाळीनंतर माणसं गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात; मुकादमाची उचल हातात पडते तेव्हाच रोकड दिसते. दवाखान्याच्या खात्यावर बाकी लिहिली जायची आणि उचल मिळाली की लोक ती फेडून जायचे. ज्याची ऐपतच नाही त्याची बाकी साहेब गुपचूप काढून टाकायचे. पण फेडू शकतो त्याला फुकट द्यायचं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "फुकट दिलं तर तो पुन्हा भांडायला कसा येईल?"

भाऊ आता रिक्षा चालवतो. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल विसरतो आणि आईच्या शिव्या खातो. माझा पहिला पगार झाला तेव्हा बाबांची जुनी बाकी फेडायची म्हणून पैसे घेऊन मी साहेबांच्या टेबलापाशी उभा राहिलो. जे बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. साहेबांनी एक्स-रेमधून मान वर न करता काउंटरकडे बोट दाखवलं. हिशेबाच्या बाईंनी चोपडी काढली, बाबांचं नाव शोधलं, बाबांनी मागे दिलेल्या कोंबड्यांची किंमत वळती केली आणि पावती फाडून सुटे पैसे मागितले.