स्थळ बघणे

मराठीत 'स्थळ' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि दोन्ही अर्थांनी तो डोकेदुखीचाच आहे. मुलीसाठी स्थळ बघताना निदान 'पत्रिका जुळत नाही' असं सांगून सुटता येतं. सभेसाठी स्थळ बघताना तीही सोय नाही. तिथं नकाराला कारण द्यावं लागतं, आणि खरं कारण तर कुणीच देत नसतो. 'पुणं सगळ्यांना मध्यवर्ती पडतं' या वाक्याचा अर्थ 'मी पुण्यात राहतो' एवढाच असतो. 'मुंबईला काय नाही?' असं विचारणाऱ्याची बायको त्या दोन दिवसांत माहेरी जाणार नसते, हे आपण ओळखून घ्यायचं.

हे मी अधिकारवाणीनं सांगतो आहे, कारण आमच्या कंपनीच्या स्थळ निवड समितीवर मी सलग चार वर्षं होतो. मी नाशिकचा. सभा नाशिकला घ्या असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हटलेलं नाही. त्यामुळे मी निःपक्षपाती आहे असा एक समज पसरला आणि मीही तो खोडून काढला नाही.

आमची कंपनी पंपांचे सुटे भाग विकते. माणसं तेहतीस. पूर्वी पुण्याला मुख्य कचेरी होती आणि गावोगाव शाखा होत्या. २०२० साली टाळेबंदी आली आणि सगळे आपापल्या घरून काम करू लागले. यथावकाश टाळेबंदी उठली. पण तोवर मालकांच्या लक्षात आलं होतं की जागांची भाडी, विजेची बिलं आणि तेहतीस माणसांचे दिवसातून दोनदा चहा, एवढं सगळं वाचतंय आणि पंप मात्र पूर्वीइतकेच बिघडताहेत. त्यांनी कचेऱ्या सोडल्या त्या सोडल्याच.

तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता आम्ही काड्यापेटीएवढ्या चौकोनांतून एकमेकांना दर्शन देतो. कोल्हापूरकरांना कमरेखाली पाय आहेत, हे दोन वर्षांनी प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा समजलं. (आहेत. चांगले लांब आहेत.) चौकोनातला माणूस आणि खरा माणूस यांत फरक असतो. चौकोनात ज्याच्याशी अकरा पत्रं लिहून भांडण मिटत नाही, त्याच्याबरोबर टपरीवर अर्धा अर्धा चहा घेतला की ते दोन मिनिटांत मिटतं, आणि वर तो पैसेही देतो. म्हणून वर्षातून दोन दिवस सगळ्यांनी एका गावी जमायचं असा मालकांनी नियम केला. आता गाव कुठलं, हे ठरवायला समिती आली.

गाव ठरवण्याच्या भानगडीत मोठमोठ्यांचे हात पोळलेले आहेत. महंमद तुघलकानं १३२७च्या सुमारास दिल्लीची मंडळी उचलून देवगिरीला आणली, गावाला दौलताबाद असं भारदस्त नाव दिलं आणि काही वर्षांतच मंडळींना पुन्हा दिल्लीला जायला सांगितलं. स्थळ निवड समिती नेमली असती तर पहिल्यांदा निघायचंच राहिलं असतं आणि सगळ्यांचे हाल वाचले असते. काँग्रेसचं १८८५चं पहिलं अधिवेशन पुण्याला भरायचं होतं. ऐन वेळी पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि ते मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावं लागलं. बहात्तर प्रतिनिधी जमले. आमच्या समितीतले पुणेकर हा इतिहास अजूनही वैयक्तिक अपमानासारखा सांगतात.

साहित्य संमेलनाला तर रीतसर स्थळ निवड समितीच असते. ती गावोगाव जाते, मैदान बघते, निवासाची सोय बघते, जेवते आणि मग ठरवते. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ग्रंथकारांना जमवलं तिथून सुरू झालेली ही परंपरा २०१५ साली पंजाबात घुमानला जाऊन आली आणि २०२५ साली, १९५४नंतर दुसऱ्यांदा, दिल्लीला. खुद्द राज्य सरकारही यातून सुटलेलं नाही. १९५३च्या नागपूर कराराचा मान राखून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, आणि त्यासाठी फायली, साहेब आणि साहेबांचे साहेब असा सगळा संसार मुंबईहून तिकडे जातो. थोडक्यात म्हणजे, आम्ही पाच जण काही जगावेगळं करत नव्हतो.

समितीत मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर, मी आणि बेंगळूरचा एक तरुण मुलगा. मुलगा मूळचा साताऱ्याचा, पण तिकडे राहून त्याला प्रत्येक गोष्ट तक्त्यात मांडायची खोड लागलेली.

पहिल्या तीन वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगतो. २०२२ साली लोणावळा ठरलं, जुलैत. सभा झाली, पण पत्र्यावरच्या पावसात मालकांचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही. त्यामुळे ती सर्वांत यशस्वी सभा असं काही जणांचं मत आहे. २०२३ साली गोवा. गोव्याला तेहतीसपैकी एकतीस माणसं आली आणि सभेला नऊ. २०२४ साली महाबळेश्वर. इंग्रज उन्हाळ्यात तिथे जाऊन मुंबई इलाख्याचा कारभार कसा करत हे मला तिथं गेल्यावर कळलं : ते करत नसावेत.

यंदा मात्र मुलानं शास्त्रीय पद्धतीनं काम करायचं ठरवलं. पुण्यात अकरा माणसं, मुंबईत नऊ, नागपूरला चार, कोल्हापूर आणि नाशिकला तीन तीन, बेंगळूरला दोन, सोलापूरला एक. सगळ्या गावांचे अक्षांश-रेखांश घेऊन त्यानं माणसांच्या हिशेबानं सरासरी काढली आणि आमचा नेमका मध्यबिंदू जाहीर केला. तो बिंदू श्रीगोंद्याच्या आसपास कुठंतरी निघाला.

"तिथं काय आहे?" मुंबईकरांनी विचारलं.

"ऊस असेल," मी म्हणालो.

मग त्यानं दुसरा हिशेब मांडला : सगळ्यांच्या प्रवासाचे मिळून तास कमीत कमी कुठे होतात? उत्तर आलं, पुणे. पुणेकरांचा चेहरा चौकोनात मावेना. पण या हिशेबात एक गोम आहे आणि ती नागपूरकरांच्या लगेच लक्षात आली. जिथं जास्त माणसं राहतात तेच गाव नेहमी जिंकणार, कारण त्यांच्या प्रवासाचे तास शून्य. म्हणजे ज्यांना कधीच हलावं लागत नाही त्यांना पुन्हा हलावं लागू नये, आणि जे दर वेळी रात्रभर बसमध्ये मान अवघडून घेतात त्यांनी पुन्हा ती घ्यावी.

"हे तं लोकशाही झाली," नागपूरकर म्हणाले, "न्याय नाही झाला ना जी."

शिवाय ज्या गावात माणसाचं घर असतं त्या गावात तो सभेला येतो, पण राहत नाही. सहाच्या ठोक्याला त्याला गॅसवाल्याची, मुलाच्या शिकवणीची किंवा बायकोची आठवण होते. पुण्याला सभा घेतली तर संध्याकाळच्या गप्पांना पुणेकर सोडून सगळे असणार, आणि गप्पांचा विषय पुणेकर असणार. पुणेकरांनीही हे मान्य केलं. त्यांना फक्त पुणं निवडून यायला हवं होतं, सभा व्हायलाच हवी असं काही नव्हतं.

नागपूरकरांनी मग नागपूर पुढे केलं. देशाचा मध्यबिंदू, झीरो माइलचा खांब, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनमध्ये पुरा झालेला, आणि या सगळ्यावर मात करणारं सावजी मटण. मुंबईकरांनी मे महिन्यातल्या उन्हाचा विषय काढला. सभा नोव्हेंबरात आहे हे सांगितल्यावर त्यांनी सावजीच्या तिखटाचा काढला. अशा तीन बैठका झाल्या.

मुलाच्या तक्त्यात आणखी एक रकाना होता : 'मागील उपस्थिती'. त्यात बत्तीस नावांपुढे कमी-जास्त खुणा होत्या. सोलापूरच्या हिशेबाच्या बाईंपुढे मात्र तीन आडव्या रेघा होत्या. शेऱ्यात त्यानं लिहिलं होतं, 'प्रवासाची आवड नसावी'. बाई पहिल्यापासून सोलापूर शाखेतच. आम्ही त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. रोजच्या सभेतही त्यांचा चौकोन काळा असायचा, त्यात फक्त नावाचं आद्याक्षर. आमची प्रवासखर्चाची बिलं तपासणं हे त्यांचं काम, त्यामुळे त्यांना चेहरा असेल आणि त्यावर हसू वगैरे येत असेल अशी कल्पना करणं कठीणच होतं. त्या मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या.

चौथ्या बैठकीच्या आदल्या दिवशी नागपूरकरांनी कापलेल्या एकशे ऐंशी रुपयांसाठी बाईंना फोन केला. भांडण ऐन रंगात आलेलं असताना बाई म्हणाल्या, "दादा, जरा थांबता का? सासूबाईंची कूस बदलायची वेळ झाली." नागपूरकर थांबले. दहा मिनिटं थांबले. सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून चार वर्षं अंथरुणावर. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. यजमान नाहीत, मुलगी सासरी. खोली एकच, म्हणून कॅमेरा बंद. आणि गोव्याला का आला नाहीत, तर गोवा सोलापूरपासून दोन तासांच्या आत येत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत नागपूरकर सरळ म्हणाले, "सोलापूर घ्या."

पुणेकर चमकले. "अहो, तुम्हालाच सगळ्यांत लांब पडेल."

"पडू द्या ना जी."

"पण सोलापुरात बघण्यासारखं आहे काय?"

"बाई," नागपूरकर म्हणाले.

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. मुलानं न बोलता तो शेरा पुसला. मुंबईकरांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वेळ पाहिली. बेंगळूरहून उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते हे मुलाला ठाऊक होतं. पुण्याहून तर हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. इतकं सोपं गाव इतकी वर्षं कुणालाच सुचलं नव्हतं. कोल्हापूरकरांना फोन केला तर ते म्हणाले, "काय लागतंय? वाटेत पांडुरंग पण हुईल."

मालकांना पटवणं अवघड जाईल असं वाटलं होतं. "सोलापूर? तिथं रिसॉर्ट आहे का?" त्यांनी विचारलं. मुलानं गोव्याचं बिल आणि सोलापूरचा अंदाज शेजारी शेजारी दाखवला. मालक म्हणाले, "तिथली माणसं फार साधी असतात म्हणे. मला पहिल्यापासूनच ते गाव आवडतं."

हॉटेल निवडताना अट एकच ठेवली : बाईंच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांत. पोहण्याचा तलाव नव्हता, पण तो गोव्याच्या सभेतच पुरेसा बघून झाला होता. हॉटेलातल्या वाढप्यानं मराठीतून विचारलं, स्वयंपाकघराकडे तोंड करून तेलुगूत ओरडला आणि मुलगा बेंगळूरचा आहे असं कळल्यावर त्याच्याशी कन्नडमध्ये बोलू लागला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाहून मुंबईकरांनी 'हे पापड कसले?' असं विचारलं आणि पुढे दोन दिवस त्यांना तेच ऐकवण्यात आलं.

बाई पहिल्या दिवशी साडेदहाला आल्या. शेजारच्या काकूंना घरी बसवून आल्या होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, हातात कापडी पिशवी. दारातच उभ्या राहून त्यांनी आम्हा सगळ्यांना बिलांवरून ओळखायला सुरुवात केली. मुंबईकरांना म्हणाल्या, "दादर ते दादर टॅक्सी, तुम्हीच ना?" नागपूरकरांना म्हणाल्या, "तुम्ही बिलाच्या मागे नेहमी 'ताई, जरा पाहून घ्या' असं लिहिता. म्हणून तर मी दोनदा पाहते." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सहीवरून मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

बारा वाजता त्या घरी जाऊन आल्या, दोन वाजता पुन्हा. संध्याकाळी आम्ही सात-आठ जण त्यांच्याबरोबरच निघालो. तळ्याकाठी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं आणि मग त्यांच्या घरी. सासूबाई पलंगावर, पाठीला दोन उशा. बाईंनी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "थांब गं. हे सगळे तुझ्या त्या डब्यातले ना? बोलू दे त्यांना. मी ओळखते."

बाई कानात ती बोंडं घालत नाहीत, कान दुखतात म्हणून. त्यामुळे आमची रोजची दहाची सभा सासूबाईंनी चार वर्षं पलंगावरून ऐकलेली होती. आम्ही एकेकानं नमस्कार म्हणायचं आणि त्यांनी डोळे मिटून सांगायचं. नागपूरकर तर पहिल्या अक्षरालाच सापडले. कोल्हापूरकर आवाज बदलून बोलले तरी त्यांनी बरोबर पकडलं. पुणेकरांनी नमस्कार म्हटल्यावर म्हणाल्या, "हे होय? हे सुरू झाले की मी हिला म्हणते, आता माझी कूस बदलून घे. सावकाश होतं." पुणेकर सगळ्यांत जास्त हसले, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. मग आजींनी आम्हाला लाडू द्यायला लावले आणि मार्चमधली मोठी मागणी वेळेवर गेली का तेही विचारलं. ती गेली नव्हती. आमच्यापैकी कुणालाच त्याची आठवण नव्हती.

परतल्यावर आठवड्याभरात आम्ही सगळ्यांनी प्रवासखर्चाची बिलं सोलापूरला पाठवली. माझं बिल परत आलं. एका ओळीखाली लाल शाईनं रेघ होती आणि समोसमोर बाईंच्या वळणदार अक्षरात शेरा : 'शेंगाचटणी, दोन किलो. खासगी खरेदी. नामंजूर. पुढच्या वेळी मला सांगा, घरची देईन.'