लांबची वाट, कमी वेळ

सॅन फ्रान्सिस्को, जानेवारी, रात्री उशिरा

ती. बाबांस शि. सा. नमस्कार,

पोचल्याचं फोनवर कळलंच आहे. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले, ते सविस्तर लिहा. डोळे मिटताहेत, तरी ‘दिल्लीहून तिथे जायला इतके तास का लागतात?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आजच लिहायला घेते. पृथ्वीच्या गोलावर दिल्लीपासून इथवर दोरा ताणला तर तो सैबेरियावरून, उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरतं. ताशी ९०० ने भागलं की चौदा तासांच्या आतच यायला हवं, हा तुमचा भागाकार अगदी बरोबर आहे. पण विमान हवेतून जातं आणि ती हवा स्वतःच वाहत असते. म्हणून नुसत्या किलोमीटरवरून प्रवास कळत नाही. कुठल्या वाटेनं आणि कुठल्या महिन्यात, तेही विचारावं लागतं. याच मार्गाचं पाहा. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून यायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिनं विमान पॅसिफिकवरून आणलं. अंतर वाढून १५,३०० झालं, आणि वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो. अटलांटिकवर तो समोरून येतो, पॅसिफिकवर पाठीशी असतो. हिवाळ्यात जपानच्या आसपास तर ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. सीटसमोरच्या पडद्यावर हे दिसतं: बाहेर उणे ५५ अंश, आणि वेग ९०० वरून चढत चढत अकराशेवर. इंजिनं मात्र तेवढंच काम करत असतात.

(सकाळी पुढे.) वाऱ्यावर कशाला विसंबायचं, विमानच जोरात न्यावं, असं तुम्ही म्हणाल. पण आजची प्रवासी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास उडतात. त्याच्या पुढे हवेचा विरोध इतका झपाट्यानं वाढतो की इंधनाचा खर्च झेपत नाही. कॉंकॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगानं जायचं, पण ते महागडं विमान २००३ मध्ये थांबलं. जाताना वाया गेलेला वेळ येताना भरून निघतो, म्हणून सरासरीच धरावी, हा आक्षेपही अर्धाच खरा आहे. मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, पण वारा रोज जागा बदलतो. शिवाय वाऱ्याइतकीच माणसंही वाट अडवतात, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या आपल्या विमानांना तेव्हापासून आधी दक्षिणेला अरबी समुद्रावर जाऊन वळसा घ्यावा लागला. अमेरिकेला ये-जा करणाऱ्या आपल्या काही विमानांना वाटेत इंधनासाठी थांबावं लागलं. विमानतळ जागच्या जागी, गोलावरचा दोरा तेवढाच, आणि तास वाढले. तिकिटावरच्या वेळांची वजाबाकीही करू नका. त्या दोन्ही गावांच्या स्थानिक वेळा असतात आणि सध्या इथलं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा साडेतेरा तास मागे आहे.

म्हणून परतीच्या दिवशी तिकिटावरची वेळ पाहून घरून निघू नका. विमान इथून सुटलं की उतरण्याची नवी वेळ कळेल, ती तुम्हाला कळवायला मी इथल्या काकांना सांगेन. त्या वेळेच्या हिशेबानं निघा, आणि आईला विमानतळावर ताटकळत बसवू नका.

तुमची,
सुमी