भ्रमाचा भोपळा

लहानपणी मला भोपळा दोनच ठिकाणी भेटायचा. एक आईच्या घारग्यांत, दुसरा गणिताच्या पेपरावर. पैकी पहिला वर्षातून दोन-चारदा येई, दुसरा अगदी नेमाने. त्यामुळे कॅलिफोर्नियात लेकीकडे गेलो असता शेजारचे आजोबा परसातल्या भोपळ्यावर रात्री चादर पांघरताना दिसले, तेव्हा मला त्यांची काळजीच वाटली.

"बाबा, स्पर्धेचा आहे तो," लेक म्हणाली.

तिकडे हाफ मून बे या गावी दर ऑक्टोबरात भोपळे तोलतात. 2023 साली मिनेसोटाच्या एका बागकाम-शिक्षकाचा भोपळा तिथे 1,247 किलो भरला. जगात पहिला! 2025 साली इंग्लंडातल्या पेटन या जुळ्या भावांनी 1,278 किलोंच्या वर जाऊन तोही विक्रम मोडला. सौ.ने आकडा ऐकला आणि मनातल्या मनात घारग्यांचा हिशेब मांडून ती गुळापाशी अडकली.

या भोपळ्यांचं मूळ घराणं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचं. हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं बी निवडून 'अटलांटिक जायंट' हा वाण तयार केला. त्याच्याच विंडसर गावात 1999 साली भोपळे कोरून, त्यात बसून वल्हवायची शर्यत सुरू झाली. आपल्या गोष्टीतली म्हातारीसुद्धा लेकीकडून भोपळ्यातूनच परतली होती. विमानाच्या तिकिटाचे दर बघता मीही त्या दिशेने विचार केला.

बियांच्या पाकिटावर भोपळ्याचं वजन, मालकाचं आडनाव, साल. शिवाय आई कोण, बाप कोण. आमच्या भाचीच्या लग्नात इतकी चौकशी झाली नव्हती. आजोबा मादीफुलाची कळी आदल्या संध्याकाळी बांधून ठेवत आणि भल्या पहाटे सोडून नरफुलाचा पराग स्वतः लावत. मधमाशीने आणलेलं स्थळ चालत नाही. सगोत्र मात्र खुशाल चालतं! मग वेलीवर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची.

ऐन भरात ते दिवसाला दहा-बारा किलो वाढे. आजोबा रोज टेपने मापत आणि कोष्टकात वजन बघत. टेपचं दुसरं टोक धरायला मी जाऊ लागलो. 'त्यांचा' भोपळा 'आमचा' कधी झाला, कळलं नाही.

"स्वतःच्या लेकीचं वजन कधी विचारलं नाहीत!" सौ. म्हणाली.

सप्टेंबरातल्या एका सकाळी गेलो, तर आजोबा भोपळ्यापाशी नुसतेच बसलेले. टेप खिशात. देठाजवळ बोटभर चीर पडली होती. दिसायला एवढीशी, पण पार आतल्या पोकळीपर्यंत गेलेली. अशी चीर गेली की भोपळा बाद. आमच्याकडे भ्रमाचा भोपळा फुटतो, असं मी सांगणार होतो. इंग्रजी वेळेवर सुचलं नाही, ते बरंच झालं.

दोन दिवस आजोबा बाहेर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सौ.ने पिठलं-भात केला आणि डबा भरला.

"अगं, सुतक आहे का त्यांच्याकडे?"

"मग काय आहे?" म्हणून ती गेलीसुद्धा.

आजोबांनी पिठलं दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी भोपळा चिरला, आणि आम्ही तिघं बिया वेचत बसलो. आजोबांनी पाकिटावर अंदाजाने वजन लिहिलं, आपलं आडनाव लिहिलं, साल लिहिलं. सौ.ने एक फोड घरी आणून घारगे केले. गूळ दुप्पट घालूनही ते पाणचट झाले.

मी आठ खाल्ले.