भीतीचा दाखला

“तुम्हाला धोका आहे, याला पुरावा काय?”

टेबलापलीकडच्या साहेबांनी हे सरळ विचारलं होतं, त्यात टोमणा नव्हता. पण माझी बोलतीच बंद झाली. आमचा अडतीचा धंदा. पुरावा मागायचा आम्ही आणि द्यायचा समोरच्यानं, ही सवय. मी म्हणालो, “साहेब, भीती वाटते.” ते म्हणाले, “ती कुणाला वाटत नाही? लेखी काय आहे?”

लेखी काहीच नव्हतं.

मी राहायला नांदेडला आणि अडत लातूरला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आठवड्यातून दोन-तीनदा ये-जा. बँकेतून कितीही पैसे पाठवा, हंगामात पट्टी हातात पडली की शेतकऱ्याला चार नोटा रोख लागतातच. त्या नोटा माझ्या गाडीत सीटखाली असायच्या, पोत्याच्या सुतळीनं बांधलेल्या. वीस वर्षं हे चाललं आणि भीती म्हणून कधी वाटली नाही. मग ५ एप्रिल २०२२ उजाडला. नांदेडचे बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी यांना दिवसाढवळ्या त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून मारलं. ते सीसीटीव्हीतलं चित्रण गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये होतं. तपासात खंडणीचा आणि कुख्यात गुंड रिंदाचा धागा निघाला, तसे आमच्यातले कितीतरी जण अनोळखी नंबरचा फोन उचलेनासे झाले. मला असे दोन फोन आले. पलीकडचा माणूस पैसे मागत नव्हता. माझा मुलगा लातुरात शिकवणीला किती वाजता जातो, तेवढंच सांगत होता.

मी पोलिसांत गेलो नाही. मुलाला आठ दिवस घरी आणून ठेवलं, नंबर बदलला आणि गप्प बसलो. ही माझी पहिली चूक. दोन वर्षांनी शस्त्रपरवान्याला अर्ज करायला गेलो तेव्हा तीच अंगावर आली. तक्रारच नाही, तर धोका कुठला?

माझी कल्पना अशी, की हेही गाडीच्या लायसनसारखंच. एजंटाला गाठायचं, फोटो द्यायचे, सह्या करायच्या. जून २०२४ मध्ये, लोकसभेची धामधूम ओसरल्यावर, ऑनलाइन अर्ज उघडला आणि पहिल्याच पानावर अडकलो. पिस्तूल का रिव्हॉल्व्हर? मला दोन्ही एकच वाटत होती. मुलानं सांगितलं, “पप्पा, चक्राचं ते रिव्हॉल्व्हर, मॅगझिनचं ते पिस्तूल.” पुढं बोअर, म्हणजे नळीचं माप. एका मित्रानं छातीठोक सांगितलं होतं, नाईन एमएमच घे, पोलिसांकडं असतं तसं. मीही तेच सांगून बसलो. जिल्हाधिकारी कार्यालयातले बाबू हसले. नाईन एमएम हा निषिद्ध बोअर, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला नाही, त्यासाठी दिल्लीचं दार ठोठवावं लागतं. तुमच्या-आमच्यासाठी .३२ बोअर. खोडून पुन्हा भरा.

कागदांची यादी दोन पानं. ओळख, पत्ता, तीन वर्षांचं आयकर विवरण, शस्त्र घरात सुरक्षित ठेवीन अशी हमी, शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला. कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. मी इतकी वर्षं बाजार समितीचे नियम तोंडपाठ धरून बसलेला माणूस, पण या नियमांचं एक वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची.

खरी गंमत डॉक्टरांच्या दाखल्यात होती. शरीर धडधाकट, मन ठिकाणावर, कसलं व्यसन नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं. डॉक्टर ओळखीचे. रक्तदाब बघितला, डोळे बघितले आणि विचारलं, “झोप लागते का नीट?” मी खरं बोलून गेलो. म्हणालो, “कुठली झोप? रात्री फाटकाचा आवाज झाला की उठून बसतो.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “अण्णा, हे मी लिहिलं तर तुमचा अर्ज गेला.”

बाहेर येऊन रसवंतीवर बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोलिसांना सांगायचं, मला फार भीती वाटते. डॉक्टरांना सांगायचं, मला अजिबात भीती वाटत नाही. आणि दोन्ही कागद एकाच फायलीत, एकामागं एक लावायचे. मी दुसऱ्यांदा गेलो आणि “झोप चांगली लागते” म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पुन्हा अर्धा तास बोलत बसवलं, मग लिहिलं.

मग चौकशी. हवालदार घरी आले, चहा घेतला, शेजाऱ्यांकडं गेले. हा माणूस भांडकुदळ आहे का, बायकोला मारतो का, दारू पितो का? शेजारचे सरदारजी, लंगरसाहिब गुरुद्वाऱ्यात सेवा करणारे. त्यांनी चांगलंच सांगितलं, पण संध्याकाळी फाटकावर मला गाठून म्हणाले, “अण्णा, तू पिस्तूल लेके क्या करेगा?” त्यांच्या कमरेला कृपाण. त्याला परवाना लागत नाही, राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातच ते आलेलं. दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक निघते तेव्हा आमच्या गावात तलवारी उन्हात लखलखतात आणि कुणाला वावगं वाटत नाही. शस्त्र आमच्या डोळ्यांना नवं नाही. माझ्या आजोबांकडं ठासणीची बंदूक होती. निजामी राज्य, रझाकारांचा काळ. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरातच वकिली करायचा. गावच्या वेशीवर माणसं रात्र-रात्र जागायची. आजोबांनी ती बंदूक कधी उडवली का, हे विचारल्यावर माय म्हणायची, “उडवली की. कोल्ह्यावर. लागली नाही.”

पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर साठ दिवसांत निर्णय, असं नियमात आहे. मी कॅलेंडरवर गोल करून ठेवले. पण अर्ध्या चुका माझ्याच. एका कागदावर पत्ता जुना, दुसऱ्यावर नावात वडिलांचं नाव नाही. दुरुस्त करेपर्यंत विधानसभेची आचारसंहिता लागली. नांदेडला तर खासदार वसंतराव चव्हाण वारल्यामुळं २० नोव्हेंबरला लोकसभेची पोटनिवडणूकही त्यातच. ती सरली आणि डिसेंबरात शेजारच्या बीडमध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्या प्रकरणातून बीडचे शस्त्रपरवाने चव्हाट्यावर आले. आकडा हजाराच्या पुढं. कमरेला पिस्तूल लावून काढलेली रील्स टीव्हीवर दिसायला लागली, परवाने रद्द व्हायला लागले. मी ज्या रांगेत उभा होतो, ती रांग आता संशयितांची झाली होती. “तुम्हाला रील काढायचं नाही ना?” असं मला खरोखर विचारलं गेलं. वय पन्नास, पोट पुढं. मी नाही म्हणालो.

प्रशिक्षण मात्र मला आवडलं. शिकवणारे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी टेबलावर रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि म्हणाले, उचला. मी उचललं आणि लगेच बोट घोड्यावर गेलं. सिनेमात सगळ्यांचं तिथंच असतं. “कुणाला मारायचं ठरलं का?” ते म्हणाले. “मग बोट तिथं कशाला?” बोट बाहेर, चौकटीला लागून सरळ. नळीचं तोंड जमिनीकडं. चक्र बाजूला काढून सहाही घरं रिकामी आहेत का, ते डोळ्यांनी बघायचं, मग बोटानं चाचपायचं, कारण डोळे फसतात. हे त्यांनी माझ्याकडून चाळीसदा करून घेतलं. चाळिसाव्या वेळी मी घरं न बघताच “रिकामं” म्हणालो. त्यांनी चक्र उघडलं. एका घरात त्यांनी हळूच डमी काडतूस घालून ठेवलं होतं. ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि काही बोलले नाहीत.

प्रत्यक्ष गोळी झाडली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, घोडा फार जड असतो. तो ओढताना अख्खा हात थरथरतो आणि नळी खाली जाते. दुसरी, आवाज. कानात बोळे असूनही छातीत बसतो. दहा मीटरवरच्या कागदी माणसावर मी सहा गोळ्या झाडल्या. एक त्याच्या खांद्याला लागली, एक शेजारच्याच्या कागदी माणसाला. बाकी चार मातीच्या ढिगात. सुभेदार म्हणाले, “आणि तो उभा होता. पळत नव्हता, तुमच्यावर झाडत नव्हता.”

ऑगस्ट २०२५ मध्ये परवाना हातात आला. आता खरेदी. मूळ किंमत लाखाच्या घरात, वर २८ टक्के जीएसटी. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या विक्रेत्याचा फोन. “शेठ, बावीस तारखेपासून चाळीस टक्के होतंय. त्याच्या आत या.” बारा हजारांचा फरक. मी निघणारच होतो, पण घरात गणपती. विसर्जन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रग्रहण, आणि तिथून पितृपंधरवडा सुरू. माय म्हणाली, “पितरांच्या पंधरवड्यात घरात हत्यार आणतेत का रे? कामून करायलास असं?” ऐंशीच्या पुढची बाई, तिच्यापुढं हिशोब चालत नाही. सर्वपित्री अमावास्या आली २१ सप्टेंबरला. घटस्थापना २२ ला. आणि २२ पासूनच नवा दर! त्याच सकाळी ट्रॅक्टरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला. शोरूमला हार लागले. मी शुभमुहूर्तावर बारा हजार जास्त मोजून कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं.

बिल बघितलं आणि सवयीनं क्विंटलात हिशोब केला. हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर सव्वीस क्विंटल सोयाबीन. बाजारात हमीभाव तरी कुठं मिळत होता? आणि नेमक्या त्याच आठवड्यात मराठवाड्यावर आभाळ फाटलं होतं. मी परत येत होतो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं पाण्याखाली, उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटलेले. माझी कितीतरी कुळं त्यात होती. गाडीच्या डिकीत कुलूपबंद पेटी होती आणि मला ती कुणाला दाखवावीशी वाटेना.

दाखवायची तशी सोयही नाही. मला वाटलं होतं, परवाना म्हणजे कमरेला लावून फिरायची मुभा. नियम उलटा आहे. सार्वजनिक ठिकाणी नेताना ते म्यानात हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि तुमच्या ताब्यात हवं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम. म्हणजे बाळगायचं, पण कुणाला कळू द्यायचं नाही. आमच्याकडं माणसं ते घेतात ती नेमकी कळावं म्हणून. बाजारात दोघा-तिघांनी मला विचारलं, “अण्णा, घेतलं म्हणे? बघू की.” मी नाही म्हणालो तर त्यांचा विश्वास बसेना की घेतलंय.

झाकणं तरी सोपं आहे का? नांदेडचं ऊन, अंगात पातळ सदरा. म्यान कमरेला घातलं की गाडीत बसताना बरगडीत घुसतं. वजन पाऊण किलोच्या आसपास, दोन तासांत कंबर एका बाजूला वाकते. देवळात जायचं तर काढून ठेवायचं कुठं? गाडीत सोडता येत नाही. उदगीरला गेलो आणि बीदरच्या व्यापाऱ्यानं जेवायला बोलावलं तर जाता येत नाही, कारण परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं आणि माझं क्षेत्र कर्नाटकाच्या हद्दीवर संपतं. घरी आलो की कपाटात, कुलपात, गोळ्या काढून. बायकोनं विचारलं, “आणि चोर आला तर?” म्हणालो, किल्ली माझ्या उशीखाली आहे. ती म्हणाली, “म्हणजे चोराला आधी थांबायला सांगायचं.”

अजून एक खर्च कुठल्याच पावतीवर नाही. परवाना पाच वर्षांचा, पण त्याची काळजी रोजची. हरवलं तर? पोराच्या हाताला लागलं तर? पूर्वी मी रात्री फाटकाच्या आवाजानं उठायचो. आता उठतो आणि आधी कपाट बघतो.

नोव्हेंबरात पुन्हा निवडणुका लागल्या. २ डिसेंबरला नगरपालिका, मग १५ जानेवारीला महापालिका, नांदेडची आणि लातूरचीही. आचारसंहितेत परवानाधारकांची शस्त्रं जमा करून घेतात. सगळ्यांची नाही, समिती ठरवते. माझ्या नावाची नोटीस आली. ठाण्यात गेलो, सुभेदारांनी शिकवल्याप्रमाणं चक्र उघडून दाखवलं, बोटानं चाचपलं. हवालदारानं नंबर लिहून घेतला, कापडात गुंडाळून चिठ्ठी बांधली आणि पावती दिली. सव्वा वर्ष कागद गोळा करून मिळालेली वस्तू माझ्याकडं दोन-अडीच महिने राहिली.

जानेवारीत एका संध्याकाळी लातूरला निघालो होतो. अहमदपूरच्या अलीकडं नाकाबंदी. तरुण शिपाई, हातात बॅटरी. सीटखालची पिशवी काढायला लावली. “एवढी रोकड? पुरावा काय?” मी बँकेची स्लिप काढली, पट्ट्यांचं पुस्तक काढलं, बाजार समितीचा परवाना काढला. कागदांत ती ठाण्याची पावती आली आणि त्यानं नेमकी तीच बॅटरीखाली धरली.

“हत्यार आहे तुमच्याकडं?”

“आहे.”

“कुठंय?”

“तुमच्याकडंच,” मी म्हणालो.

त्यानं पावती पुन्हा वाचली, घडी घालून परत दिली आणि नोटा मोजायला लागला.